शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा व त्यावरील नगारखाना

पुण्याच्या शनिवारवाड्याविषयीं आजपर्यंत पुष्कळ लिहिलें गेलें आहे; परंतु त्यांतील बहुतेक लिखाण वाड्यांत घडलेल्या गोष्टींविषयीं आहे, खुद्द वाड्याविषयीं थोडें. नारायणरावाचा खून, सवाई माधवरावाचा अंत, दुसऱ्या बाजीरावाचें पलायन ह्या प्रसंगांपुढें दगड, वीट व लाकूड ह्यांकडे पाहण्यास सवड होत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही वाड्याच्या एका लहानशा भागाचाच, म्हणजे उत्तरेकडील दिल्ली दरवाजाचा व त्याच्या माथ्यावरील नगारखान्याचा, विचार करणार आहों.

एवढासा भाग निवडण्याचें कारण असें. २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं लागलेल्या आगींत तटाच्या आंतील राजवाडा जळाला. आज आंत जोतीं आहेत, हौद आहेत, कमळाच्या आकाराच्या हजारी कारंजाची बैठक आहे. भिंती नाहींत, खांब नाहींत, छत नाहीं. तट व दरवाजे मात्र वांचले, आणि दिल्ली दरवाजावरील लाकडी नगारखानाही उभा राहिला. एखादी पोथी जळून तिचें पहिलें पान तेवढें हातीं लागावें, तशी ही गोष्ट आहे. संग्राहक तसलें पान टाकून देत नाहीं. त्यावरून तो लेखकाचा हात ओळखतो, कागद पारखतो, ओळींचें अंतर मोजतो व गेलेल्या पानांविषयीं जेवढें म्हणतां येईल तेवढेंच म्हणतो. दिल्ली दरवाजा ह्याच रीतीनें वाचला पाहिजे, असें आमचें म्हणणें आहे. आधीं वास्तूची साक्ष घ्यावी. दंतकथेची साक्ष मागाहून.

१. कालाचा विचार

वाड्याची पायाभरणी पहिल्या बाजीरावाच्या हातून १० जानेवारी १७३० रोजीं झाली व वास्तुशांति २२ जानेवारी १७३२ रोजीं झाली, असें ग्रंथांतरीं दिलेलें असतें. दोन्ही दिवस शनिवार होते, असेंही सांगण्यांत येतें. येथें एक लहानसा घोटाळा संभवतो. आजच्या ग्रेगोरियन गणनेनें वार काढूं गेल्यास ह्या दोन्ही तारखांस मंगळवार येतो, व चिकित्सक वाचकास ही सर्व कथाच संशयास्पद वाटूं लागते. परंतु ह्या तारखा इंग्रजांच्या त्या वेळच्या जुन्या, म्हणजे ज्यूलियन, गणनेच्या आहेत. इंग्लंडांत नवी गणना १७५२ सालीं सुरू झाली. अठराव्या शतकांत दोन्ही गणनांमध्यें ११ दिवसांचें अंतर होतें. तें मिळवितां १७३० ची २१ जानेवारी व १७३२ ची २ फेब्रुवारी अशा नव्या तारखा निघतात, आणि त्या दोन्ही दिवशीं शनिवारच येतो. म्हणजे तारीख व वार ह्यांचा मेळ बिनचूक बसतो. मराठ्यांच्या कागदांवरून तारखा बसवितांना कोणती गणना धरली आहे हें लिहून ठेवण्याची संवय संग्राहकांनीं लावून घ्यावी, हें ह्यावरून दिसून येईल.

परंतु ह्या दोन तारखा मूळ वाड्याच्या आहेत, दरवाजाच्या नव्हेत. तटाचें व दरवाजांचें काम मागाहून चालू राहिलें, व नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत (१७४० ते १७६१) तें पूर्णतेस गेलें. नगारखानाही नानासाहेबांच्याच वेळचा. तेव्हां दरवाजाकडे बोट दाखवून १७३० सालच्या बाजीरावाच्या मनांत काय होतें तें सांगूं लागणें, हें टीकाकाराचें वाक्य मूळ ग्रंथकाराच्या पदरीं बांधण्यासारखें आहे. वाडा बापाचा, दरवाजा मुलाचा. हा भेद पुढील सर्व विवेचनांत लक्षांत ठेवावा.

सामग्रीविषयीं जें सांगितलें जातें तें ह्या प्रदेशास जुळणारें आहे. दगड चिंचवडच्या खाणींतला, सागवान जुन्नरकडील जंगलांतलें व चुना जेजुरीकडचा. मूळ वाड्याचा खर्च १६,११० रुपये झाला, असा आंकडा परंपरेनें चालत आला आहे. तो खरा धरला तरी त्यांत पुढील तट, बुरूज व नगारखाना ह्यांचा खर्च येऊं शकत नाहीं, हें वरील कालक्रमावरून उघड आहे.

२. दगड, वीट व वांकण

वाड्याच्या तटास पांच दरवाजे व नऊ बुरूज आहेत. दिल्ली दरवाजा व अलीबहादूर अथवा मस्तानी दरवाजा हे उत्तरेकडील. खिडकी दरवाजा व गणेश दरवाजा हे पूर्वेकडील. नारायण अथवा जांभूळ दरवाजा दक्षिणेकडील. ह्या पांचांत थोरपणा दिल्ली दरवाजाचा. अंबारीसह हत्ती आंत यावा एवढी त्याची उंची आहे. दोन भक्कम बुरुजांच्या मधोमध दगडी कमान बसविली आहे, आणि पाहणाराची दृष्टि आपोआप त्या कमानीकडे ओढली जाते.

तटाकडे नीट पाहिलें असतां त्याचे दोन थर लागलीच ओळखूं येतात. खालचा भाग घडीव दगडाचा, वरचा विटांचा. ह्या विटांविषयीं एक गोष्ट सर्वश्रुत आहे. दगडी कोट बांधण्याचा अधिकार राजाचा, चाकराचा नव्हे, अशी तक्रार साताऱ्यास शाहू महाराजांकडे गेली, व त्यांच्या आज्ञेवरून दगडी काम थांबून पुढें विटा चढल्या, अशी ती गोष्ट आहे. गोष्ट गोड आहे, व मराठी राज्यांतील स्वामी-सेवकभावास शोभणारीही आहे. परंतु केवळ विटांच्या थरावरून ती सिद्ध मानणें बरोबर होणार नाहीं. पुण्यांतील साध्या गृहस्थाच्या वाड्यासही जोतें दगडाचें व वरील भिंत विटांची असे. दगड ओल सोसतो, भार सोसतो; वीट हलकी, लौकर चढणारी व चुन्याशीं चांगली बांधली जाणारी. म्हणजे खालीं दगड व वर वीट ही ह्या शहरच्या गवंड्यांची नेहमींचीच चाल होती. शाहू महाराजांची आज्ञा झाली नसती तरीही भिंत अशीच उठली असती, असें म्हणण्यास जागा राहते. वास्तु ह्या गोष्टीस विरोध करीत नाहीं, पण तिची साक्षही देत नाहीं.

कमानींतून आंत शिरल्यावर वाट सरळ जात नाहीं. समोर भिंत येते. उजवीकडे वळावें लागतें, पुन्हां डावीकडे वळावें लागतें, तेव्हां कोठें मोकळें पटांगण लागतें. डोंगरी किल्ल्यांच्या दरवाजांस वाट वांकडी घेण्याची जी युक्ति सर्वत्र दिसते, तीच येथें सपाटीवर, शहराच्या मध्यभागीं योजिली आहे. दार फोडून आंत आलेल्या जमावाचा जोर पहिल्या वळणावर मोडावा, हा हेतु. वळणाच्या बाजूस पहाऱ्याची देवडी. दारीं येणारास थांबविणें, त्याचें नांवगांव विचारणें, वर्दी देणें हीं सर्व कामें ह्या चार पावलांच्या जागेंत होत असत. त्या अर्थानें दरवाजा म्हणजे नुसती वाट नव्हे, तर ती एक कचेरीच होय.

३. कवाडें

शाळेंत संस्कृत शिकवितांना 'कपाट' म्हणजे काय, असें विचारलें कीं मुलें 'पुस्तकें ठेवण्याचें' असें उत्तर हटकून देत. संस्कृतांत कपाट म्हणजे दाराची फळी. त्याचेंच मराठींत कवाड झालें. अर्गलेची आगळ झाली. कौटिल्यानें दुर्गविधानाच्या प्रकरणांत प्रतोली, अट्टालक, परिघ अशीं जीं नांवें दिलीं आहेत, त्यांपैकीं प्रतोली हीच राजपुतान्यांत 'पोल' होऊन बसली. दिल्ली दरवाजाची रचना पेशव्यांच्या कारभाऱ्यांनीं अर्थशास्त्र वाचून केली असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. तो ग्रंथ तर १९०९ सालीं शामशास्त्री ह्यांनीं छापून प्रसिद्ध केला तेव्हां विद्वानांच्या हातीं आला. परंतु शब्द टिकले, ते वस्तु टिकल्यामुळें टिकले, एवढें त्यावरून दिसतें. दोन बुरूज, मध्यें वाट, कवाडांची जोडी, मागें आडवी आगळ व वर माडी, हा सांगाडा ह्या देशांत फार जुना आहे.

दिल्ली दरवाजाच्या प्रत्येक कवाडावर लोखंडी अणकुचीदार खिळे आहेत. ९ व ८ अशा मांडणीनें एका कवाडावर ७२. त्यांची उंची हत्तीच्या गंडस्थळाच्या बेतानें ठेविली आहे, म्हणजे दार फोडण्यास हत्ती पुढें घातला तर त्याचें मस्तक खिळ्यांवर यावें. उजव्या कवाडांत एक लहानशी दिंडी आहे. एका वेळीं एकच मनुष्य, तोही वांकून, आंत येऊं शकेल एवढीच ती आहे. रोजची ये-जा दिंडींतून. मोठीं कवाडें स्वाऱ्या व समारंभ ह्यांसाठीं. ज्यास वांकून यावें लागतें तो शस्त्र उगारून येऊं शकत नाहीं, हा दिंडीचा उपयोग. आणि ज्यास मोठीं कवाडें उघडलीं जातात त्याचा मान त्या उघडण्यांतच कळून येतो, हा दुसरा.

येथें एक प्रश्न विचारणें प्राप्त आहे. हा सर्व बंदोबस्त खरोखरीच्या वेढ्यासाठीं होता काय? अठराव्या शतकांत लढाई तोफांची झाली होती. तोफेपुढें खिळे व दिंडी ह्यांचा पाड काय लागणार? शिवाय कमानीच्या वर लांकडाचा, मोकळ्या महिरपींचा नगारखाना उभा केला आहे, व तो तोफेस व अग्नीस उघडें लक्ष्य आहे. वेढ्याची भीति मनांत बाळगणारा मनुष्य आपल्या वेशीच्या डोक्यावर सागवान रचीत नाहीं. इतिहासही ह्यास अनुकूल साक्ष देतो. १७६३ सालीं निजाम अलीनें पुणें लुटलें व जाळलें, त्या वेळीं वाड्याच्या तटाच्या भरंवशावर कोणी शहर राखिलें नाहीं. १७७४ सालीं सवाई माधवरावाचा जन्म झाला तो वाड्यांत नव्हे, पुरंदरावर. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं यशवंतराव होळकरानें हडपसरास लढाई जिंकली, तेव्हां दुसरा बाजीराव दिल्ली दरवाजा लावून बसला नाहीं. तो सिंहगडाकडे निघाला. संकटाच्या वेळीं पेशव्यांचा आसरा डोंगरी किल्ला हाच होता. वाड्याचा तट चोर, बंडखोर व अवचित उठलेला जमाव ह्यांस अडविण्यापुरता, व त्याहून अधिक म्हणजे दर्जा दाखविण्यापुरता होता.

आणि ज्या एका प्रसंगीं दरवाजानें धन्यास वांचवावयास हवें होतें, त्या प्रसंगीं त्याचा कांहींच उपयोग झाला नाहीं. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणरावास ठार मारणारे गारदी वाड्याच्याच चाकरींतले होते. खिळे बाहेरच्या हत्तीसाठीं असतात. आंतल्या पहारेकऱ्यासाठीं नसतात.

४. नगारखाना

आतां कमानीच्या वर चढूं. आमच्या मतें ह्या सर्व वास्तूचें रहस्य खालच्या व वरच्या ह्या दोन कमानींच्या भेदांत आहे.

खालची कमान दगडाची आहे. तिच्यांतील प्रत्येक दगड शेजारच्या दगडास दाबून धरतो, व वरचा सर्व भार दोन्ही अंगांच्या भिंतींत उतरवितो. एक दगड निसटला तर भय आहे. वर नगारखान्यांत खांबाखांबांच्या मध्यें ज्या महिरपी दिसतात त्या लांकडाच्या आहेत. डोळ्यास त्याही कमानीच वाटतात. पण त्यांजवर भार मुळींच नाहीं. भार तुळयांवर आहे. तुळयांखालीं हस्त, हस्तांखालीं खांब, खांबांखालीं बैठक. महिरप ही दोन खांबांच्या मध्यें बसविलेली कोरीव फळी होय. ती काढून घेतली तरी छत पडणार नाहीं. म्हणजे खालीं मुसलमानी अमदानींत ह्या देशांत रूढ झालेली खरी कमान, व वर तुळई-खांबांच्या जुन्या देशी पद्धतीवर चढविलेला कमानीचा अलंकार. एकाच दरवाजांत गवंड्याची विद्या व सुताराची विद्या अशा दोन विद्या एकीवर एक उभ्या आहेत, आणि दोघांनींही आपापली रीत सोडलेली नाहीं.

पेशवाईंतील लांकडी कामाचीं ठळक लक्षणें वाचकांस ठाऊक आहेतच. बुडाशीं फुगीर व वर निमुळता होत जाणारा सुरूचा खांब, त्याच्या पायाशीं व माथ्याशीं कमळाच्या पाकळ्या, हस्तांवर लोंबणारें केळफूल, आणि मध्यें अनेक पाकळ्यांची महिरप. ह्या कामाचा विस्तृत नमुना पुण्यांत विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागांत पाहावयास मिळतो. परंतु तो वाडा दुसऱ्या बाजीरावाच्या वेळचा, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींचा आहे. बुधवारवाडा तर समूळ गेला. १३ मे १८७९ च्या रात्रीं तो व विश्रामबागवाड्याचा कांहीं भाग आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला. अशा रीतीनें पेशव्यांचे राजवाडे एकामागून एक अग्नीनें नेले. कारण ज्या सागवानानें त्यांस सौंदर्य आलें, तेंच सागवान त्यांचें सरण झालें. राजवाड्यांपैकीं नानासाहेबांच्या काळाशीं नातें सांगणारी लांकडी माडी म्हणून दिल्ली दरवाजाचा नगारखाना महत्त्वाचा आहे, तो ह्याच कारणानें. त्याची वेळोवेळीं डागडुजी झालेली आहे, तेव्हां त्यांतील प्रत्येक तुळई मूळची आहे असें समजूं नये. परंतु मांडणी, खणांची वांटणी व भार उतरविण्याची रीत हीं जुनीं आहेत. तटाच्या आंत जोत्यांवर आज खांबांच्या जागा तेवढ्या मोजतां येतात. त्या जागांवर काय उभें असेल ह्याची कल्पना करावयाची असल्यास खालीं जोत्यांकडे पाहून मग वर नगारखान्याकडे पाहावें.

नगारखाना दरवाजाच्या माथ्यावरच कां असावा, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे. नौबत झडण्याचा मान बादशाही अमलांत वाटेल त्यास नसे. नगारा व निशाण हीं बहुमानाचीं चिन्हें म्हणून दिलीं जात. दिल्लीच्या लाल किल्ल्यांत (बांधकाम १६३९ ते १६४८) लाहोरी दरवाजा हा तटाचा लढाऊ दरवाजा. तेथून छत्त्याच्या बाजारांतून बरेंच आंत गेल्यावर नौबतखान्याची स्वतंत्र इमारत लागते. म्हणजे मोगलांनीं शस्त्राचा दरवाजा व वाद्याचा दरवाजा हे दोन वेगळे ठेविले. रायगडावरही नगारखाना राजसभेच्या तोंडाशीं आहे, गडाच्या महादरवाजावर नाहीं. पुण्यास मात्र दोन्ही एक झाले: खालीं खिळे व वांकण, वर सनई व चौघडा. जागा थोडी, वाडा शहरांतला, व धनी स्वतः छत्रपति नसून छत्रपतींचा प्रधान; तेव्हां लाल किल्ल्याचा तो लांबलचक प्रवेशमार्ग येथें चार पावलांत व दोन मजल्यांत आटोपावा लागला. ह्या आटोपशीरपणांत दारिद्र्य नाहीं. बाहेरून येणारास जी वास्तु दरारा दाखविते, तीच त्याचें स्वागतही करते, हा एक नवाच अर्थ त्यांतून उत्पन्न झाला आहे.

लांकूड वापरण्यास आणखीही एक कारण असावें. नौबत ही दूरवर ऐकूं जाण्यासाठीं असते. दगडी भिंतींच्या आंत नाद कोंडतो. मोकळ्या खणांच्या माडींतून तो चोहोंकडे जातो. उत्तरेस मुठा नदी, दक्षिणेस वाड्याचे चौक, व भोंवतीं पेठा. नगारखाना उंचावर व मोकळा ठेवण्यांत बांधणाऱ्यांची कानाकडेही दृष्टि होती, असें आम्हांस वाटतें. घड्याळें घरोघर नव्हतीं त्या काळीं शहरास वेळ कळण्याचें तें एक साधन होतें.

५. 'दिल्ली' हें नांव

आतां नांवाकडे वळूं. दरवाजा उत्तरेकडे, म्हणजे दिल्लीकडे, तोंड करून आहे. त्यावरून बाजीरावानें मोगलांस दिलेलें हें आव्हान होय, व शाहू महाराजांनीं त्यास हरकत घेतली होती, असें सांगतात. १७३७ सालीं बाजीराव खरोखरच दिल्लीच्या वेशीपर्यंत जाऊन आला. त्यामुळें ही कथा मनास पटते. परंतु वास्तुशांति त्याच्या पांच वर्षें आधींची, व तटाचें काम पुरें झालें तें बाजीरावाच्या मागें. पुढें घडलेल्या गोष्टीचा प्रकाश मागल्या गोष्टीवर टाकणें ही मनुष्याची संवय आहे. संशोधकानें तीस आवर घातला पाहिजे.

दरवाजास तो ज्या रस्त्यावर उघडतो त्या गांवाचें नांव देणें ही सर्व हिंदुस्थानांतली चाल आहे. औरंगाबादेस (आतांचें छत्रपति संभाजीनगर) दिल्ली दरवाजा आहे व पैठण दरवाजाही आहे. अहमदाबादेसही दिल्ली दरवाजा आहे. खुद्द दिल्लीस लाहोरी, काश्मिरी व अजमेरी दरवाजे आहेत. पैठण दरवाजा बांधणारानें पैठणास आव्हान दिलें असें कोणी म्हणत नाहीं. दिशेच्या दृष्टीनें पाहिलें तरी उत्तराभिमुख द्वार वास्तुशास्त्रास निषिद्ध नाहीं. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत चारही बाजूंच्या मिळून ३२ द्वारस्थानांचीं शुभाशुभ फळें सांगितलीं आहेत, व उत्तरेकडीलही कित्येक स्थानें शुभ म्हटलीं आहेत. उत्तर ही कुबेराची दिशा होय. शिवाय नदी त्याच बाजूस. म्हणजे दरवाजा उत्तरेस असण्यास भूगोल व शास्त्र हीं दोन कारणें आधींच सिद्ध आहेत.

ह्यावरून ती परंपरा खोटी ठरते असें आम्ही म्हणत नाहीं. जनमानसानें ह्या दरवाजांत काय पाहिलें, ह्याचा ती उत्तम पुरावा आहे, व तेवढ्यापुरतें तिचें मोल आहे. फक्त तिला दगडाच्या रांगेंत बसवूं नये. तिचें स्थान समासांतलें आहे, संहितेंतलें नव्हे.

६. भिंतींवरील चित्रें व पुढील काम

दरवाजाच्या आंतल्या अंगास भिंतींवर रंगीत चित्रांचे अवशेष आहेत. त्यांत गणपति व शेषशायी विष्णु हे ओळखूं येतात. दारावर गणपति असणें हें घरोघरच्या गणेशपट्टीनें आमच्या ओळखीचें आहे. पेशव्यांच्या घरीं तर गणपति हें आराध्य दैवत. अशा रीतीनें कवाडावर खिळे, भिंतीवर देव व माथ्यावर नौबत, हीं तिन्हीं रक्षणें एका ठिकाणीं जमलीं. पैकीं खिळे लोखंडाचे, म्हणून राहिले, नौबत थांबली, देव दिवसेंदिवस पुसट होत आहेत.

१९१९ सालीं वाडा संरक्षित वास्तु म्हणून जाहीर झाला, व त्यानंतर आंत खणून जोतीं मोकळीं करण्यांत आलीं. दगडाचें रक्षण कायदा करूं शकतो. परंतु चित्राचा रंग व लांकडाची नक्षी ह्यांचें आयुष्य थोडें असतें. त्यांचीं मापें, रेखाटनें व छायाचित्रें खणवार घेऊन ठेवणें हें आज जिवंत असलेल्या पिढीचें कर्तव्य आहे. उद्यां तुळई बदलावी लागली तर लागो. तिच्यावर काय होतें ह्याची नोंद तरी राहील.

दुसरें काम आमच्या संग्राहक बंधूंचें आहे. पेशवे दफ्तरांतून निवडलेले कागद सरदेसाई ह्यांनीं १९३० ते १९३४ ह्या काळांत ४५ भागांत छापले, व त्यानें इतिहासाचें मोठें काम झालें. परंतु निवड म्हटली म्हणजे पत्रास पहिला मान, हिशेबास शेवटला. लढाईचें पत्र सांपडलें कीं आपण आनंदतों. त्याच रुमालांतला सुताराच्या रोजमुऱ्याचा कागद बाजूस ठेवतों. वास्तूचा इतिहास मात्र त्याच बाजूस ठेवलेल्या कागदांत आहे. ज्यांच्या घरीं कारखान्याचे जमाखर्च, रोजकीर्दी, चुन्याच्या व सागाच्या खरेदीच्या यादी असतील त्यांनीं त्या रद्दींत घालूं नयेत. त्यांत देवडी, नगारखाना, तुळई, हस्त, खण, फांजी, दिंडी, आगळ असे शब्द आढळल्यास तिथि व साल ह्यांसह उतरून घ्यावे. एका खणास किती तुळया, किती हात लांकूड, किती सुतार, किती दिवस, हें कागदानें सांगितलें व तेंच माप नगारखान्यांत फुटपट्टीनें मिळालें, तर जळालेल्या राजवाड्याचे चौक कागदावर पुन्हां उभे करण्यास आधार मिळेल. मोडी वाचणारे आज थोडे उरले आहेत, व जुन्या पद्धतीनें सागवान घडविणारे त्याहूनही थोडे. हे दोघे एका जागीं बसले तर जें काम होईल तें एकट्यादुकट्याच्या हातून होणार नाहीं.

सारांश, दिल्ली दरवाजाची साक्ष आमच्या समजुतीप्रमाणें अशी आहे: तो मूळ वाड्याच्या मागाहून पुरा झाला, त्याचा बंदोबस्त वेढ्यापेक्षां मर्यादा राखण्यासाठीं अधिक होता, त्यांत लढाऊ वेस व नौबतीची माडी हीं एकत्र आलीं, आणि त्याच्या लांकडी मजल्यांत गेलेल्या राजवाड्याची रचना वाचावयास मिळते. इतर गोष्टी परंपरेच्या आहेत. त्यांस परंपरेचाच मान द्यावा. राजवाडा गेला तो अग्नीनें गेला, त्यास उपाय नव्हता. उरलेलें हें एक पान हयगयीनें जाऊं नये, एवढीच ह्या लेखाची विनंति आहे.